डिव्हिडंड, लाभांश आणि भाज्य: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका नागरी सहकारी बँकेच्या शेअर विभागात माझी ३१ वर्षे नोकरी झाली. निवृत्त झाले तरी प्रश्न थांबले नाहीत. जिन्यात, मंडईत, व्हॉट्सॲपवर ते येतच असतात, आणि सप्टेंबरात सर्वसाधारण सभांच्या नोटिसा घरोघरी पोचल्या की रोजच. तेच प्रश्न निरनिराळ्या तोंडून येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. डिव्हिडंड म्हणजे नेमकं काय? दोन वाक्यांत सांगा.

संस्थेला झालेल्या नफ्यातला जो भाग तिच्या मालकांना, म्हणजे भागधारकांना किंवा सभासदांना, त्यांच्याकडच्या भागांच्या (शेअरच्या) प्रमाणात वाटला जातो तो डिव्हिडंड. मराठीत त्याला लाभांश म्हणतात, म्हणजे लाभाचा अंश.

तिसरे वाक्य मात्र मला घालावेच लागते. सगळा नफा म्हणजे लाभांश नव्हे. नफ्यातून आधी कर जातो, राखीव निधी जातो, धंद्यासाठी लागणारा पैसा बाजूला पडतो, आणि मग ठरवून वाटले जाते ते. हा ‘ठरवून’ शब्द लक्षात ठेवलात तर खालची निम्मी उत्तरे आपोआप सुटतात.

२. माझी मुलगी सेमी-इंग्रजीत आहे. तिच्या गणितात डिव्हिडंड म्हणजे ज्याला भागायचं ती संख्या. सासऱ्यांच्या पासबुकातही डिव्हिडंडच. हे दोन्ही एकच आहेत का?

मूळ एकच. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘जे वाटायचे आहे ते’ असा होतो. गणिताने तो अर्थ जसाच्या तसा ठेवला. १०० ला ७ ने भागले तर १०० हे भाज्य, ७ हा भाजक, १४ हा भागाकार आणि २ ही बाकी. ताळा करायचा तर ७ गुणिले १४ अधिक २, झाले १००. व्यापारात मात्र हे नाव अख्ख्या रकमेवरून घसरत घसरत एकेकाच्या हातात पडणाऱ्या वाट्यावर आले.

हे मुलीला समजवायचे असेल तर सासऱ्यांच्या बँकेचा वार्षिक अहवाल घ्या आणि ‘नफ्याची विभागणी’ हे पान उघडा. सगळ्यात वर निव्वळ नफा, खाली एकेक ओळ: राखीव निधी, शिक्षण निधी, इमारत निधी, मध्ये कुठेतरी लाभांश, आणि तळाला ‘शिल्लक नफा पुढील वर्षी ओढला’. तिला विचारा, लाभांशासाठी काढलेली रक्कम ही कोण? भाज्य. एकूण भागांची संख्या? भाजक. एका भागाच्या वाट्याला आलेले रुपये? भागाकार. आणि आजोबांच्या पासबुकात जे दिसते ते या भागाकाराला त्यांच्याकडच्या भागांनी गुणून. इंग्रजीत पहिल्याला आणि शेवटच्याला एकच नाव आहे. मराठीने दोघांची दोन घरे केली, भाज्य वेगळे आणि लाभांश वेगळा. मला आपली सोय जास्त चांगली वाटते. मुलाला एकदा ‘भाज्य’ म्हणून सांगितले की त्याचा गोंधळ होत नाही.

३. लाभांश तो की ते? आणि शेवटी श की ष?

तो लाभांश. लाभांशाचा दर, लाभांशाची रक्कम. अंश जसा लिहितो तसाच, तालव्य श. बँकांच्या नोटिशीतही ‘लाभांष’ छापलेले मी पाहिले आहे, ते चूक आहे. बोलताना ‘डिव्हिडंड आला’ म्हणायला काहीच हरकत नाही, सगळे पुणे म्हणते.

४. आई म्हणते, बँक ११ टक्के व्याज देते शेअरवर. ते व्याज का लाभांश? फरक काय पडतो?

फार मोठा फरक पडतो, आणि पैसे बुडाल्याच्या निम्म्या गोष्टी या एका गैरसमजातून सुरू होतात.

ठेवीवरचे व्याज हा बँकेचा खर्च असतो. नफा होवो की तोटा, ते द्यावेच लागते, कारण ठेवीदाराने बँकेला पैसे उसने दिलेले असतात. लाभांश नफ्याच्या नंतर येतो. नफा झालाच नाही तर लाभांश नाही. नफा झाला तरी तो वाटायचाच असे बंधन नाही. ठेवीदार हा देणेकरी संस्थेचा सावकार, सभासद हा त्या संस्थेचा मालक. मालकाला ठरलेले काही मिळत नसते.

एक पायरी मात्र महत्त्वाची. लाभांश एकदा जाहीर झाला की ते संस्थेचे देणे होते. कंपनीला तो जाहीर केल्यापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. योग्य कारणाशिवाय चुकवला तर विलंबाच्या काळासाठी १८ टक्के दराने व्याज भरावे लागते.

एका आजींनी एकदा मुदत ठेव मोडून सगळे पैसे शेअरमध्ये टाकायला फॉर्म आणला होता. ठेवीवर ७ टक्के आणि ‘इकडे ११’, असा त्यांचा हिशोब होता. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि अर्धा तास हाच फरक सांगितला. फॉर्म त्यांनी घडी करून पर्समध्ये परत ठेवला. त्या कामाचे मला आजही समाधान वाटते.

५. पेपरात येतं, ‘५०० टक्के लाभांश’. माझ्या शेअरची किंमत ४०० आहे, मग मला २,००० मिळायला हवेत ना?

नाही. टक्केवारी बाजारभावावर नसते, दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर, असते. शेअरची दर्शनी किंमत २ रुपये असेल तर ५०० टक्के म्हणजे १० रुपये. तुम्ही ४०० ला घेतलेल्या शेअरवर १० रुपये, म्हणजे तुमच्या पैशावर अडीच टक्के. हा अडीच टक्क्यांचा आकडा खरा, त्याला ‘डिव्हिडंड यील्ड’ म्हणतात. मथळा पाहून हुरळून जाऊ नका, दर्शनी किंमत आधी बघा.

सहकारी बँकेत हा घोळ होत नाही, कारण तिथे भाग दर्शनी किमतीलाच घेतला जातो आणि परत करतानाही सर्वसाधारणपणे तेवढेच मिळतात.

६. अंतरिम आणि अंतिम लाभांश यांत काय फरक?

अंतरिम लाभांश कंपनीचे संचालक मंडळ वर्ष चालू असतानाच जाहीर करते. अंतिम लाभांशाची मंडळ फक्त शिफारस करते, तो जाहीर होतो वार्षिक सर्वसाधारण सभेत. सभा शिफारशीपेक्षा कमी करू शकते, वाढवू शकत नाही. सभेत उभे राहून ‘आणखी दोन टक्के द्या’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

७. रेकॉर्ड डेट शुक्रवारी आहे. शुक्रवारी शेअर घेतला तर चालेल?

नाही, गुरुवारपर्यंत घ्यायला हवा, आणि गुरुवारी बाजार बंद असेल तर बुधवारी. रेकॉर्ड डेट म्हणजे लाभांश कोणाला द्यायचा ती यादी कंपनी ज्या दिवशी धरते तो दिवस. आपल्याकडे २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरचे व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरे होतात. गुरुवारी घेतलेला शेअर शुक्रवारी तुमच्या डीमॅटमध्ये येतो आणि यादीत तुमचे नाव लागते. शुक्रवारी घेतलेल्याचा लाभांश विकणाऱ्याला मिळतो.

तुम्ही वर्षभर शेअर ठेवला की एक दिवस, कंपनीला त्याचे काही नाही. त्या तारखेला नाव असले की पूर्ण लाभांश. सहकारी बँकेत असे नसते. तिथे बहुधा जितके महिने भाग तुमच्या नावावर होता तितक्या महिन्यांचाच हिशोब होतो. म्हणून मार्चमध्ये सभासद झालेल्याच्या खात्यात चिल्लर जमा होते आणि तो तक्रार घेऊन येतो.

८. मग गुरुवारी घ्यायचा, शुक्रवारी विकायचा. लाभांश फुकटात! असं का कोणी करत नाही?

पुष्कळ जण करून बघतात. ४०० चा शेअर, १० रुपये लाभांश, तर शुक्रवारी सकाळी भाव साधारण ३९० च्या आसपास उघडतो. कंपनीतून १० रुपये बाहेर जाणार, तेवढी ती हलकी झाली. वर त्या १० रुपयांवर तुम्हाला कर (प्रश्न १५) आणि दोन्ही बाजूंची दलाली. या व्यवहारात फुकट काही नाही.

९. आमच्या बँकेचा लाभांश १५ टक्क्यांच्या वर कधीच का जात नाही?

कायदा जाऊ देत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६७ प्रमाणे सहकार खात्याच्या निबंधकांच्या पूर्वमंजुरीशिवाय १५ टक्क्यांहून जास्त लाभांश देता येत नाही. बहुराज्यीय सहकारी संस्थांना ही मर्यादा २० टक्के आहे. शिवाय निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो.

यामागचा विचार मला मनापासून पटतो. सहकारात भांडवल हे चाकर आहे, मालक माणसे. एक सभासद, एक मत, मग भाग दहा असोत की हजार. ज्याच्याकडे जास्त पैसा त्याने संस्था दुभती म्हैस समजून पिळू नये म्हणून ही मर्यादा. राज्याच्या सहकार आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच, सेंट्रल बिल्डिंगमध्ये आहे, तरी पुणेकर सभासदांनाच हे कलम माहीत नसते.

१०. बँकेला नफा झालाय, अहवालात छापलंय. तरी लाभांश नाही. हे कसं?

बँक सहकारी असली तरी तिच्यावर रिझर्व्ह बँकेची नजर असते. भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या मानाने स्वतःचे भांडवल पुरेसे असणे), थकीत कर्जे, त्यांच्यासाठी बाजूला काढलेल्या तरतुदी या गोष्टी ठरलेल्या पातळीवर नसतील तर नफा दिसत असूनही लाभांश वाटता येत नाही. आणि कधी सगळ्यांनाच थांबवले जाते. करोनाच्या वेळी रिझर्व्ह बँकेने २०१९-२० या वर्षासाठी बँकांना लाभांश देऊ नका असे सांगितले होते. त्या वर्षी आमच्या काउंटरवर फार जड दिवस गेले. लाभांशाच्या पैशावर दिवाळीचा किराणा भरणारी कुटुंबे पेठांमध्ये आहेत, आणि त्यांना ‘भांडवल जपायचे आहे’ हे सांगणे सोपे नव्हते. तरी तो निर्णय बरोबर होता असे माझे मत आहे.

११. आमच्याकडे हाउसिंग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे. त्यावर लाभांश का मिळत नाही?

बहुतेक सोसायट्यांत ५० रुपयांचे १० भाग, म्हणजे ५०० रुपये भांडवल असते. १५ टक्के दिले तरी वर्षाला ७५ रुपये. त्यात सोसायटीकडे उरणारे पैसे बहुधा तुमच्याच देखभाल वर्गणीतले असतात. ते वाटण्यापेक्षा पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला ठेवा. सर्टिफिकेट मात्र जपून ठेवा, फ्लॅट विकताना तोच कागद लागतो.

१२. सभेला स्टीलचा डबा दिला, गावाकडे दूध संघ दिवाळीला फरक देतो, कारखाना सवलतीत साखर देतो. हा सगळा लाभांशच ना?

नाही, यातला एकही लाभांश नाही. डबा ही भेटवस्तू. दुधाचा फरक तुम्ही किती दूध घातले त्यावर मिळतो, तुमच्याकडे किती भाग आहेत त्यावर नाही. तो तुमच्या मालाच्या भावाचाच राहिलेला तुकडा आहे. साखर ही सभासदाची सवलत. लाभांशाची खूण एकच, तो भागांच्या प्रमाणात असतो.

कंपन्यांना तर लाभांश रोखीतच द्यावा लागतो. चेक, वॉरंट (लाभांशाचा चेकसारखाच वटवायचा कागद) किंवा थेट खात्यात, पण पैसेच. बोनस शेअर हा वेगळा प्रकार, तो लाभांश धरला जात नाही. जुन्या काळी असे नव्हते. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१० मध्ये पहिला लाभांश दिला तो जायपत्रीच्या रूपात. भागधारकाने लाभांश म्हणून मसाल्याची पोती घरी न्यायची आणि गिऱ्हाईक शोधायचे!

१३. एलआयसीचा बोनस आणि डिव्हिडंड एकच का? माझ्याकडे पॉलिसीही आहे आणि शेअरही.

तुमच्याकडे दोन वेगळी नाती आहेत. पॉलिसीधारक म्हणून तुम्हाला मिळतो तो बोनस. महामंडळाच्या मूल्यांकनातून निघालेल्या वाढाव्यातला तो हिस्सा असतो, विमा रकमेच्या दर हजारी जाहीर होतो आणि बहुतेक योजनांत पॉलिसी संपताना हातात पडतो. शेअरधारक म्हणून मिळतो तो लाभांश, तो थेट खात्यात. मे २०२२ मध्ये एलआयसीचे शेअर बाजारात आले तेव्हा पॉलिसीधारकांना ६० रुपयांची सूट होती, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा डीमॅट उघडलेले कितीतरी जण आपल्याकडे आहेत, आणि हा प्रश्न तेव्हापासून सुरू झाला. भर म्हणजे अमेरिकेत पॉलिसीवरच्या अशाच रकमेला डिव्हिडंड म्हणतात. तिकडून मुलाने काही पाठवले असेल तर ते इथे लागू करू नका.

म्युच्युअल फंडातला ‘डिव्हिडंड प्लॅन’ही असाच फसवा शब्द होता. त्यात मिळणारी रक्कम तुमच्याच युनिटच्या मूल्यातून कमी होते. लोकांना ते वरचे उत्पन्न वाटायचे, म्हणून सेबीने १ एप्रिल २०२१ पासून हे नावच काढून टाकले. आता तुमच्या स्टेटमेंटवर आयडीसीडब्ल्यू, म्हणजे ‘इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल’, अशी अक्षरे दिसतात. त्यांत ‘भांडवलातून काढलेले पैसे’ हा अर्थ उघड सांगितलेला आहे.

१४. आमच्या लिलाव भिशीतही दर महिन्याला ‘डिव्हिडंड’ वजा होतो. तो कुठला?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण इथे नफा नावाची गोष्टच नाही.

समजा २० जणींची भिशी, महिना ५,००० रुपये. जमले १ लाख. एकीला पैशाची नड आहे, ती म्हणते मी ८५,००० घेऊन थांबते. सुटले १५,०००. त्यातून चालवणाऱ्याचे कमिशन समजा ५,००० गेले, राहिले १०,०००. ते २० जणींत वाटले, प्रत्येकीला ५००. म्हणून पुढच्या वेळी तुम्ही ४,५०० च भरता. हे ५०० म्हणजे तुमचा ‘डिव्हिडंड’. तो आला कुठून? नड असलेल्या मैत्रिणीने सोडलेल्या पैशातून.

चिट फंड अधिनियम, १९८२ मध्ये या वाट्याला खरोखरच डिव्हिडंड म्हटले होते. २०१९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून ‘सोडलेल्या रकमेतला वाटा’ अशा अर्थाचा शब्द घातला आणि कमिशनची मर्यादा ५ वरून ७ टक्के केली. शब्द बदलला हे योग्यच झाले. मात्र हा कायदा नोंदणी केलेल्या चिट फंडांना संरक्षण देतो. नोंदणी नसलेल्या भिशीत कोणी पैसे घेऊन गेले तर कागद हातात नसतो. ओळखीच्या चार घरांपलीकडची भिशी असेल तर नोंदणी विचाराच.

१५. लाभांशावर कर लागतो का? पूर्वी तर माफ होता.

कंपनीच्या लाभांशावर पूर्वी कंपनीच कर भरून मोकळी व्हायची. १ एप्रिल २०२० पासून ती पद्धत बंद झाली. आता लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवायचा आणि तुमच्या टप्प्याप्रमाणे कर भरायचा.

एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांहून जास्त लाभांश मिळत असेल तर कंपनी १० टक्के कर कापून उरलेले पाठवते. ही मर्यादा आधी ५,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून वाढली. पॅन जोडलेला नसेल तर कपात २० टक्के. इथे दोन गोष्टी लोक नेहमी चुकतात. कर कापला गेला नाही म्हणजे तो माफ झाला असे नाही, ९,००० चा लाभांशही विवरणपत्रात दाखवायचा असतो. आणि कर कापला गेला म्हणजे पैसे गेले असेही नाही. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल तर विवरणपत्र भरा, परतावा मिळतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला सवलत आहे आणि लाभांश त्यात धरला जातो. कर बसणारच नसेल तर कपात होऊ नये म्हणून आधीच स्वयंघोषणापत्र देता येते. वर्षानुवर्षे आपण त्याला १५जी आणि ज्येष्ठांसाठी १५एच म्हणत आलो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे, तेव्हा फॉर्मचे चालू नाव एकदा कंपनीच्या निबंधकांच्या (कंपनीसाठी शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) पत्रात बघून घ्या.

१६. सहकारी बँकेच्या लाभांशावर कर नसतो ना? माझा कधीच कापला नाही.

कापला जात नाही, कारण ती तरतूद कंपन्यांसाठी आहे. करपात्र मात्र तो आहे आणि २०२० च्या आधीही होता. कंपनीच्या लाभांशाला जी माफी होती ती सहकारी संस्थेच्या लाभांशाला कधीच नव्हती. ‘सहकाराला कर माफ’ हे जे कानावर येते ते संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या वजावटीबद्दल आहे, सभासदाच्या नाही.

१७. वडिलांच्या गोदरेजच्या कपाटात जुनी शेअर सर्टिफिकेटं आणि न वटवलेली डिव्हिडंड वॉरंटं सापडली. पैसे गेले का?

गेले नाहीत. थोडी चिकाटी लागेल.

कंपनीने जाहीर केलेला लाभांश ३० दिवसांत कोणी घेतला नाही तर तो वेगळ्या खात्यात जातो. तिथे ७ वर्षे पडून राहिला की गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातो, ज्याला सगळे आयईपीएफ म्हणतात. आणि सलग ७ वर्षे लाभांश घेतला नसेल तर ते शेअरसुद्धा तिकडे जातात. हे ऐकून लोकांचा चेहरा उतरतो. पण हक्क संपत नाही. दोन्ही परत मागता येतात.

एका कुटुंबाची अशी पिशवी मी आमच्या जेवणाच्या टेबलावर रिकामी केली होती. पिवळे पडलेले कागद, दोन वॉरंटांवर जुन्या पिन कोडचा पत्ता, एका सर्टिफिकेटवर वडिलांचे नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर फक्त आद्याक्षरे. सगळा घोळ त्या आद्याक्षरांचा होता. म्हणून आधी कागद कंपनीप्रमाणे लावा, प्रत्येकाचा फोलिओ क्रमांक वहीत उतरवा, नावातला फरक टिपून ठेवा. मग कंपनीच्या निबंधकांना, म्हणजे आरटीएला, लिहा. कंपनीचे नाव बदलले किंवा ती दुसरीत विलीन झाली असेल तर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर शोधा. शेअर अजून कंपनीकडेच असतील तर वारसांच्या नावे करून डीमॅटमध्ये घ्या. निधीकडे गेले असतील तर आधी कंपनीकडून हक्काचे पत्र घ्यायचे आणि मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा. या अर्जाला शुल्क नाही. ‘आम्ही काढून देतो, रकमेचे अमुक टक्के द्या’ म्हणणाऱ्याला होकार देण्याआधी स्वतः एकदा प्रयत्न करा.

कागदी शेअर असणाऱ्या हयात मंडळींसाठीही एक सूचना. १ एप्रिल २०२४ पासून पॅन आणि बँक खात्याचा तपशील दिलेला नसेल तर कागदी शेअरवरचा लाभांश अडून राहतो. निबंधकांकडे आयएसआर-१ फॉर्म दिला की तो सुटतो.

सहकारी बँकेत नियम वेगळा आहे. न घेतलेला लाभांश उपविधीत दिलेल्या मुदतीनंतर राखीव निधीत जमा होतो, पुष्कळ ठिकाणी ही मुदत ३ वर्षांची असते. आणि कितीतरी जणांना आपण सभासद आहोत हेच आठवत नाही. कर्ज घेताना रकमेच्या काही टक्के शेअर कापलेले असतात, कर्ज फिटते, शेअर राहतात. २० वर्षांपूर्वी स्कूटरला कर्ज घेतले होते का, आठवून बघा.

१८. बाबांच्या शेअरवर माझं नाव नॉमिनी आहे. म्हणजे लाभांश माझाच ना? भाऊ हिस्सा मागतोय.

नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा, मालक नव्हे. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या शेअरबाबत हेच स्पष्ट केले: नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. भाऊ वारस असेल तर त्याचा हिस्सा आहे, आणि शेअरबरोबर लाभांशातही.

१९. भोसरीत माझी छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. घरासाठी कंपनीतून उसने घेतले. सीए म्हणतात, हा लाभांश धरला जाईल. लाभांश तर जाहीरच केला नाही!

तुमचे सीए बरोबर सांगत आहेत. याला मानीव लाभांश म्हणतात. मूठभर लोकांच्या मालकीच्या कंपनीने ज्याच्याकडे १० टक्के किंवा जास्त मताधिकार आहे अशा भागधारकाला कर्ज किंवा उचल दिली, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ती रक्कम लाभांश मानून कर लागतो. नंतर पैसे परत केले तरी सुटका नाही. कंपनीचा मुख्य धंदाच कर्जे देण्याचा असेल तर अपवाद आहे. लेथ मशीनवर पार्ट बनवणाऱ्या कंपनीला तो लागू होत नाही. यापुढे गरज पडली तर पगार वाढवून घ्या किंवा रीतसर लाभांश जाहीर करा.

२०. बातम्यांत ‘रिझर्व्ह बँकेचा सरकारला विक्रमी डिव्हिडंड’ म्हणतात. आणि ‘लोकसंख्येचा लाभांश’ हा काय प्रकार?

रिझर्व्ह बँक १ जानेवारी १९४९ पासून पूर्ण सरकारी मालकीची आहे. २०२४-२५ या वर्षासाठी तिने सुमारे २,६८,५९० कोटी रुपये सरकारला दिले. पत्रकार सोयीने डिव्हिडंड म्हणतात, १९३४ च्या कायद्यात त्याला ‘वाढावा’ म्हटले आहे. तो एकाच मालकाकडे जातो, भागांप्रमाणे वाटला जात नाही.

लोकसंख्येचा लाभांश ही उपमा आहे. काम करण्याच्या वयातली माणसे जास्त आणि त्यांच्यावर अवलंबून असणारी कमी, अशा काळात देशाला जी आर्थिक संधी मिळते ती. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगते की इथेही प्रश्न ४ मधलीच अट आहे. तरुण आहेत म्हणून लाभ आपोआप येत नाही. शिक्षण आणि काम मिळाले तरच तो जाहीर होतो.

२१. पतसंस्था बुडाली, अवसायक आला. त्यांच्या पत्रात ‘डिव्हिडंड’ लिहिलंय. बुडालेल्या संस्थेला नफा कुठला?

नफा नाहीच. इथे हा शब्द आपल्या जुन्या अर्थाकडे परत गेलेला आहे: जे वाटायचे आहे ते (प्रश्न २). अवसायक, म्हणजे बुडालेली संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी, संस्थेची मालमत्ता विकून, कर्जे वसूल करून जे जमेल ते संस्थेकडून ज्यांचे येणे आहे त्यांच्यात प्रमाणात वाटतो, आणि त्या एकेका हप्त्याला दिवाळखोरीच्या कायद्यात डिव्हिडंड म्हणण्याची रीत आहे. १९२० च्या प्रांतिक दिवाळखोरी कायद्यातही हाच शब्द होता. रुपयाला ३० पैसे वाटले तर ३० टक्के डिव्हिडंड. तो आधी ठेवीदार आणि इतर येणे असणाऱ्यांना मिळतो, भागधारक रांगेत शेवटी.

बँक असती तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेला ते नाही. म्हणून अवसायकाच्या पत्रात दिलेल्या मुदतीच्या आत तुमचा दावा ठेवपावतीच्या प्रतीसह दाखल करा, पोच घ्या आणि मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका.